मुंबईचे साहाय्यक बिशप : एका नेमणुकीचा मागोवा

कॅथलिक चर्चमध्ये साहाय्यक बिशप हा धर्मप्रांताच्या मुख्य बिशपांच्या मदतीसाठी नेमला जातो, पण त्यांच्या पश्चात त्या गादीवर त्याचा हक्क नसतो. हा वारसाहक्क नेमणुकीबरोबरच ज्याला मिळतो, त्याला कोअॅडज्युटर बिशप म्हणतात. मुंबई महाधर्मप्रांतात मात्र कायद्याने दुय्यम असलेल्या साहाय्यक बिशपपदावरील निवडीनेच चर्चच्या नेतृत्वाला वळण दिले.

पोर्तुगाल आणि पोपचे शासन यांच्यातील १९२८च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशपपद आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश व्यक्तींकडे जावयाचे होते, म्हणजे भारतीय धर्मगुरूला तेथे वावच नव्हता. इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांना ही अट अन्यायाची वाटत होती. १९४६मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस साहाय्यक बिशप झाले, तेव्हा रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि राजीनामा मंजूर होईपर्यंतचा बहुतेक काळ ते मुंबईबाहेर राहिले. स्वतःचे आसन दुसऱ्यासाठी रिकामे करण्याचे हे धैर्य चर्चच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल. १९५०मध्ये नव्या कराराने ती अट रद्द झाली, त्याच वर्षी ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल ठरले.

पुढे सायमन पिमेंटाही याच मार्गाने मुंबईत १९७१मध्ये साहाय्यक, १९७७मध्ये कोअॅडज्युटर आणि १९७८मध्ये आर्चबिशप झाले. ही निवड होते तरी कशी? १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे साहाय्यकाची गरज भासणारे बिशप किमान तीन धर्मगुरूंची नावे रोमला सुचवतात, पोपचे राजदूत गुप्तपणे चौकशी करतात आणि अंतिम निर्णय पोप घेतात. उमेदवार किमान ३५ वर्षांचा, धर्मगुरुपदाची पाच वर्षे पूर्ण केलेला आणि धर्मशास्त्रात व्युत्पन्न असावा लागतो. या गुप्ततेमुळे उमेदवाराची अब्रू जपली जाते हे खरे, परंतु ज्या भाविकांसाठी बिशप नेमायचा, त्यांना कोणाकोणाचा विचार झाला हे कळत नाही, ही उणीव मोठी आहे.

तरीही या वाटेने आलेली माणसे साधारण नव्हती. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे १९९०मध्ये मुंबईचे साहाय्यक बिशप झाले आणि १९९८मध्ये मुंबईपासून वसई धर्मप्रांत वेगळा झाल्यावर त्याचे पहिले बिशप म्हणून मराठीभाषक ख्रिस्ती समाजात परतले. ओस्वाल्ड ग्रेशस आग्र्याहून, तर जॉन रॉड्रिग्ज पुण्याहून आर्चबिशपपदासाठी मुंबईत परत आले. त्या दोघांच्याही बिशपपदाचा आरंभ मुंबईच्या साहाय्यकपदापासूनच झाला होता, पहिल्याचा १९९७मध्ये आणि दुसऱ्याचा २०१३मध्ये.