शेजार सुटलेले संघ

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या, तोवर एकत्र उरलेल्या नऊ विद्यापीठांचे प्रमुख त्या सकाळी एका करारावर सह्या करतील अशी अपेक्षा होती. 'पॅक-ट्वेल्व्ह' ही त्यांची कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नेमाने खेळणाऱ्या विद्यापीठांची संघटना, टिकणार की नाही हे त्या सह्यांवर ठरणार होतं. सह्या झाल्याच नाहीत. दिवस संपेपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन 'बिग टेन'मध्ये जाणार हे ठरलं होतं. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी 'बिग ट्वेल्व्ह'ची वाट धरली होती. १९१५ पासून चालत आलेल्या घराण्यात चारच विद्यापीठं उरली. त्यातलं स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये जाणार हे महिनाभरात ठरलं. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या दोन संस्था अटलांटिकच्या किनाऱ्याचं नाव लावू लागल्या.

वर्तमानपत्रांनी याला भूकंप म्हटलं. चाहत्यांना मात्र हादरे केव्हापासूनच जाणवत होते. कोण फुटणार, कोणाला आमंत्रण येणार, कोण मागे राहणार, याचे नकाशे ते निदान २०१० पासून काढत होते. कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे सॉकरचा नव्हे तर अमेरिकन फुटबॉलचा, हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. उरलेले महिने या खेळाचा चाहता 'रिअलाइनमेंट'च्या, म्हणजे या फेरमांडणीच्या, चर्चेत घालवतो. रेडिओच्या फोन-इन कार्यक्रमांत, गल्लीतल्या बारमध्ये, सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून चाललेल्या खाण्यापिण्यात विषय हाच. याला रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणून उडवून लावण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. या माणसांचं जे सर्वांत जिव्हाळ्याचं, त्याच्या निर्णयात त्यांना मत नाही. भाकीत करणं एवढंच त्यांच्या हाती उरतं.

आपल्याकडे या खेळाची ओळख बेताचीच. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन ही नावं मराठी घरांत पोचली ती एम.एस.च्या प्रवेशपत्रांतून. त्याच विद्यापीठांच्या आवारात शनिवारी काय उसळतं, हे तिथे गेलेल्या मुलालाही पहिला हंगाम पाहीपर्यंत कळत नाही. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. वानखेडेच्या तिपटीहून जास्त, आणि तेही सव्वा लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या गावात. अशी लाखापुढची आठ मैदानं अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे आहेत. व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत असतात. नेब्रास्का किंवा अलाबामासारख्या राज्यात वरच्या दर्जाचा असा एकही संघ नाही, तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. आजोबा, मुलगी, नातू एकाच रंगाचे कपडे घालून त्याच बाकांवर बसतात.

कॉन्फरन्स जन्माला आल्या त्या शिस्तीसाठी. १८९५ मध्ये शिकागोत सात विद्यापीठांचे प्रमुख जमले, कारण फुटबॉलमध्ये भाडोत्री खेळाडू आणि हाणामारी यांचा सुळसुळाट झाला होता. पुढच्या वर्षी प्राध्यापकांच्या प्रतिनिधींनी जी संघटना उभी केली, तीच आजची बिग टेन. शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, विस्कॉन्सिन ही सगळी रेल्वेच्या टप्प्यातली विद्यापीठं. सामना शेजाऱ्याशी व्हायचा आणि वैरही शेजाऱ्याशीच असायचं. हरलात तर सोमवारी कामावर गेल्यावर ऐकून घ्यावं लागायचं, कारण जिंकणारा बाजूच्याच टेबलावर बसलेला असायचा.

ही व्यवस्था कशी मोडली याचा माग काढत गेलं की १९८४ च्या एका निकालापाशी थांबावं लागतं. १९५१ पासून कॉलेज फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाची दोरी एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या हाती होती. टीव्हीवर सामने फार दिसले तर मैदानं ओस पडतील ही धास्ती. ऐंशीच्या दशकात तर नियम असा होता, की कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसणार नाही. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला: हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट. १९३७ च्या हंगामात कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळताना त्यांनी देश गाजवला होता. त्या पीठावर हा खेळ आतून जाणणारा असा तोच एक माणूस. एनसीएएच्या नियमांनी खेळाची शैक्षणिक बाजू राखली जाते आणि बाजाराचे नेहमीचे निकष इथे जसेच्या तसे लावू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही. पण पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं ते व्हाइट यांच्या धास्तीच्या बाजूने साक्ष देतं.

प्रक्षेपण विकायची मुभा मिळाली, तशी एकेका विद्यापीठाची बाजारातली किंमत उघडी पडली. नोत्र दामने एनबीसी या वाहिनीशी स्वतंत्र करार केला. बारा सदस्य असलेल्या कॉन्फरन्सला अंतिम विजेतेपदाचा जादा सामना भरवता येतो, या एनसीएएच्या दुर्लक्षित नियमाचा उपयोग 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स'चे कमिशनर रॉय क्रेमर यांनी ओळखला. आर्कन्सॉ आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन बारा पुरे केले आणि १९९२ मध्ये तो सामना भरवला. आर्कन्सॉ गेल्यावर जुन्या 'साउथवेस्ट कॉन्फरन्स'मध्ये फक्त टेक्ससमधली आठ विद्यापीठं राहिली. टीव्ही कंपन्यांना एकाच राज्यापुरता माल नको होता.

इथे राजकारण शिरलं. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम उत्तरेकडच्या 'बिग एट'शी बोलणी करत होते. टेक्ससचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक टेक्सस टेक आणि बेलर या दोन्ही ठिकाणी शिकलेले. या दोघांना सोडून तुम्हाला जाता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. चौघे मिळून गेले आणि बिग ट्वेल्व्ह झाली. राइस, ह्यूस्टन, टेक्सस ख्रिश्चन आणि सदर्न मेथडिस्ट यांचा विधिमंडळात तेवढा वाली नव्हता. १९९६ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली. सदर्न मेथडिस्टला पहिल्या पंगतीत परत यायला २०२४ उजाडलं, तेही नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा घेणार नाही या अटीवर. फुकट खेळू, पण आत घ्या! एका धनाढ्य खासगी विद्यापीठावर ही वेळ यावी, यावरून बाहेर राहण्याची भीती किती खोल आहे ते कळतं.

चाहत्यांची गणितं याच अनुभवातून तयार झाली. उमेदवार विद्यापीठ 'असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज' या संशोधनसंस्थांच्या मंडळाचं सदस्य आहे का? राज्यपाल कोणत्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी? गावाजवळ विमानतळ केवढा? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या राज्यात केबलची जोडणी किती घरांत? २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. सदस्य विद्यापीठ असलेल्या राज्यात केबलधारकामागे महिन्याला साधारण एक डॉलर, बाहेरच्या राज्यात काही सेंट, असा तिचा हिशोब होता. मग मेरीलँड आणि रट्गर्स यांना २०१४ मध्ये का घेतलं हे कोड्यात पडण्यासारखं राहत नाही. मेरीलँडमुळे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर, रट्गर्समुळे न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या लाखो घरांतून पैसा येणार होता. त्यांचा संघ कसा खेळतो याला दुय्यम स्थान. विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमधल्या दुकानदाराला हे गणित पाठ होतं आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर बरोबरही येत होतं.

२०१० चा उन्हाळा या अंदाजांचा सुकाळ होता. पॅक-टेनचे, म्हणजे पुढच्या पॅक-ट्वेल्व्हचे, कमिशनर लॅरी स्कॉट यांनी टेक्सस, ओक्लाहोमा यांच्यासह सहा विद्यापीठं ओढून सोळा संघांची प्रचंड कॉन्फरन्स उभी करायचा घाट घातला. कोलोरॅडो आलं, नेब्रास्का बिग टेनमध्ये गेलं, टेक्सस ऐनवेळी थांबलं. काही महिन्यांत टेक्ससच्या स्वतंत्र वाहिनीसाठी ईएसपीएन या क्रीडावाहिनीने वीस वर्षांचा तीस कोटी डॉलरचा करार केला. शेजारी टेक्सस ए अँड एमला ते सहन झालं नाही. २०१२ मध्ये ते साउथईस्टर्नला जाऊन मिळाले, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास होणारा, शंभराहून अधिक वेळा रंगलेला टेक्सस-ए अँड एम सामना बंद पडला. पुढचे बारा हंगाम तो झाला नाही. या काळात ऑस्टिनमध्ये किंवा कॉलेज स्टेशनमध्ये, म्हणजे या दोन विद्यापीठांच्या गावी, शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी आपल्या विद्यापीठाचा सर्वांत मोठा सामना पाहिलाच नाही. कॅन्सस-मिझुरी, पिट्सबर्ग-वेस्ट व्हर्जिनिया, ओक्लाहोमा-ओक्लाहोमा स्टेट अशा आणखी जुन्या लढती अशाच फेरमांडणीत थांबल्या. काही पुढे परत सुरू झाल्या. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

मला खटकणारी गोष्ट इथे आहे. चाहता जेव्हा नकाशा काढतो तेव्हा तो टीव्ही कंपनीच्या डोक्याने विचार करतो. अमुक विद्यापीठ 'किती आणेल', तमुक 'वाट्याला खार लावेल' ही भाषा तो सहज बोलतो. त्याच माणसाला तुमचा सर्वांत आवडता सामना कोणता असं विचारा. शंभर मैलांच्या आतल्या विद्यापीठाचं नाव तो सांगेल. हिशोब त्याने शिकून घेतला, कारण त्या हिशोबानेच त्याच्या आवडीचं भवितव्य ठरतं.

हा हिशोब सर्वांत क्रूरपणे लागू झाला तो वॉशिंग्टन स्टेटला. हे विद्यापीठ पुलमन नावाच्या गावात आहे. वस्ती तीस हजारांच्या आसपास, चहूबाजूंनी गव्हाच्या शेतांच्या टेकड्या. सिॲटलपासून मोटारीने चार-पाच तास. इथला संघ लॉस एंजेलिसच्या बलाढ्य विद्यापीठांबरोबर एकाच कॉन्फरन्समध्ये खेळत आला आणि अनेकदा त्यांना हरवतही आला. पण टीव्हीच्या बाजारपेठेत पुलमनचं वजन नगण्य. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची ती दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनमध्ये जाणार हे जाहीर झालं, आणि दीड-दोन महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सातशे कोटी डॉलरहून मोठा करार केला. पॅक-ट्वेल्व्हच्या हाती वर्षभर घासाघीस करून जो मुख्य प्रस्ताव उरला तो ॲपलचा होता, आणि त्यात मिळणारा पैसा किती लोक वर्गणी भरतील यावर अवलंबून. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी अर्ध्या वाट्यावर का होईना, बिग टेन पत्करली.

या गावाच्या प्रेमाचं एक रूप दर शनिवारी साऱ्या अमेरिकेला दिसतं. ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा सकाळचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या मैदानाबाहेरून होतो. ऑक्टोबर २००३ मध्ये, तो टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये असताना, वॉशिंग्टन स्टेटच्या एका माजी विद्यार्थ्याने गर्दीत आपल्या विद्यापीठाचा किरमिजी झेंडा फडकवला. कार्यक्रम पुलमनला यावा एवढीच इच्छा. तेव्हापासून एकही भाग या झेंड्याशिवाय झालेला नाही, आणि भागांची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. झेंडा कुरियरने एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. तिथे राहणारा कोणी माजी विद्यार्थी पहाटे उठून, अनोळखी गर्दीत उभा राहून लांब काठीवर तो हलवत राहतो. सामना अलाबामात असो की ओहायोत. कार्यक्रम पुलमनला आला तो पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये. एवढी निष्ठा कोणत्याही करारात मोजली गेली नाही, कारण करारात मोजतात ती घरं, आणि पुलमनमध्ये घरं थोडी.

मागे राहिलेल्या दोघांनी मात्र हातपाय गाळले नाहीत. वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट कोर्टात गेले. सोडून जाणाऱ्या दहा जणांना कॉन्फरन्सच्या तिजोरीवर आणि कारभारावर मत देता येऊ नये, अशी मागणी केली. कोलफॅक्ससारख्या छोट्या गावातल्या जिल्हा न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला नाही. दोनच संघांची कॉन्फरन्स दोन हंगाम चालली. २०२५ मध्ये त्यांनी एकाच हंगामात एकमेकांशी दोनदा सामना खेळला. दरम्यान बॉइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट अशी नवी मंडळी जमवून जुलै २०२६ पासून पॅक-ट्वेल्व्ह नव्याने मांडायचं त्यांनी ठरवलं.

गेलेल्यांची स्थितीही सुखाची नाही. रट्गर्सपासून सिॲटलपर्यंत पसरलेल्या अठरा संघांच्या बिग टेनमध्ये फुटबॉलपटू हंगामात मोजकेच दौरे करतात. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे सामने कितीतरी जास्त, आणि त्यांच्या खेळाला टीव्हीवर भाव नसताना चार हजार किलोमीटरची विमानं मात्र त्यांना पकडावी लागतात. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ या पहिल्या वर्षात खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची मुभा मिळाली. खेळाडूंना वाटा मिळाला हे न्याय्यच झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण ती रक्कम उभी करायची म्हणजे पुन्हा मोठ्या कराराची हाव.

फ्लोरिडा स्टेटचं प्रकरण याच हावेचं आणि धास्तीचं. अटलांटिक कोस्टच्या सदस्यांनी आपले प्रक्षेपण हक्क २०३६ पर्यंत कॉन्फरन्सला लिहून दिले आहेत. सोडून गेलात तरी तुमचे सामने दाखवायचा हक्क मागेच राहील, अशी तेव्हाची अट होती. डिसेंबर २०२३ मध्ये अपराजित राहूनही फ्लोरिडा स्टेटला राष्ट्रीय विजेतेपदाच्या चौघांत जागा मिळाली नाही, आणि महिना संपायच्या आत त्यांनी कॉन्फरन्सवर दावा लावला. क्लेमसनही मागोमाग गेलं. मार्च २०२५ च्या समेटात दोन गोष्टी ठरल्या: पैशाचा मोठा भाग ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला, आणि बाहेर पडण्याची किंमत वर्षागणिक उतरत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर. बिग टेनचे आत्ताचे करारही २०३० च्या उन्हाळ्यापर्यंतचे. चाहत्यांच्या ताज्या नकाशांवर हेच साल का दिसतं, ते यावरून समजावं. आता केबलच्या घरांऐवजी एकेका सामन्याचे प्रेक्षक मोजले जातात.

या मोजणीतही पुलमनला जागा नाही. तरी वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी 'ॲपल कप' नावाची आपली जुनी लढत २०२८ पर्यंत चालू ठेवण्याचा करार केला. कॉन्फरन्स सुटल्यावरचा पहिला सामना १४ सप्टेंबर २०२४ ला सिॲटलमध्ये झाला. शेवटच्या मिनिटांत वॉशिंग्टनचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर, शेवटच्या प्रयत्नावर होता. वॉशिंग्टन स्टेटच्या बचावफळीने त्यांना तिथेच अडवलं आणि सामना २४-१९ असा जिंकला. २०२८ नंतर हा सामना व्हायचा असेल तर बिग टेनच्या भरगच्च वेळापत्रकातून वॉशिंग्टनला स्वतःहून एक शनिवार बाजूला काढावा लागेल.