भयमुक्त वर्ग

सहामाहीचे पेपर तपासून झाले आहेत, गुरुजी एकेकाचे नाव व गुण मोठ्याने उच्चारून ते वाटीत आहेत, आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा पुकारल्या जाणाऱ्या प्रत्येक नावासरशी अधिकाधिक आक्रसत चालला आहे, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. काहींनी तर ते त्याच बाकावर बसून पाहिले असेल. पुढच्या तासाला फळ्यावर सोडवलेले गणित त्या मुलाच्या डोळ्यांपुढून जाते, मनात मात्र उतरत नाही. त्याचे लक्ष नाही, असा शेरा आपण मारतो. वस्तुतः त्याचे लक्ष भयाने आधीच आपल्या कबज्यात घेतलेले असते.

हातच्याची वजाबाकी करणाऱ्या मुलाला दोन आकडे, घेतलेला हातचा आणि पुढची पायरी हे सारे एकाच वेळी मनात धरून ठेवावे लागते. ही धारणेची जागा मोठ्यांच्या ठायीदेखील तोकडीच असते, आणि ‘चुकलो तर काय होईल’ या चिंतेने तिचा हिस्सा बळकावला, की हातचा विसरणे अटळ होते. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की सोपा भेद ओळखण्याचे शिक्षण विजेच्या तीव्र झटक्यांनी त्वरेने होते, परंतु भेद सूक्ष्म असला म्हणजे तेच झटके शिक्षणाला बाधक ठरतात. मनुष्याची तुलना उंदराशी सावधपणेच केली पाहिजे. तथापि छडीच्या धाकाने पाढे पाठ झाल्याचे पाहून त्याच धाकाने विचारही शिकवता येईल अशी जी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यातील दोष या प्रयोगावरून ध्यानी यावा.

यावरचे उपाय खर्चाचे नाहीत. मेरी बड रो या विदुषीने वर्गांचे निरीक्षण करून दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला असता मुलांची उत्तरे दीर्घ व विचारपूर्ण होतात, गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. वर्षातून दोनदा कोसळणाऱ्या परीक्षेऐवजी, प्रगतिपुस्तकात ज्यांची नोंद होणार नाही अशा छोट्या चाचण्या वारंवार घेतल्या, तर परीक्षेचा प्रसंग मुलांच्या सवयीचा होतो. पेपरापूर्वी दहा मिनिटे मनातील धास्ती कागदावर उतरवण्याची मुभा दिल्याने चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २०११ साली दिसून आले.

शिक्षण भयमुक्त असावे, हे तत्त्व आपल्या कायद्यानेही मान्य केले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करते, आणि २९ वे कलम अभ्यासक्रमाने मुलाला भय व चिंता यांपासून मुक्त ठेवावे असे सांगते. कायद्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, ताराबाई मोडकांनी बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभले, आणि जी मुले बालवाडीत येत नसत त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. मूल बुजते म्हणून त्याला दोष न देता त्याला परिचित अशा जागी आपण जावे, हा त्या कार्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो.

भरगच्च वर्ग, अपुरा राहिलेला अभ्यासक्रम आणि वरून येणारी परिपत्रके यांनी शिक्षकही गांजलेला असतो, हे खरे. त्याचा भार हलका करणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. परंतु पेपर वाटण्याची रीत त्याच्याच हाती आहे. तो गुण न पुकारता प्रत्येकाचा पेपर पालथा ठेवू शकतो. पुष्कळांची झालेली एखादी चूक, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर लिहून ‘येथे हातचा कुठे गेला?’ असे सर्वांना विचारू शकतो, आणि मग खडू हातात धरून क्षणभर थांबू शकतो. कदाचित शेवटच्या बाकावरूनच एक हात वर येईल.