श्रीलंकेच्या कर्जाचा भार कुणाच्या माथी?

महिन्याला जेमतेम 30 युनिट वीज वापरणाऱ्या श्रीलंकेतल्या घराचं बिल 2022च्या ऑगस्टपूर्वी 105 रुपये होतं. ऑगस्टमध्ये ते 360 झालं आणि फेब्रुवारी 2023मध्ये थेट 1,300. त्या वेळची सरासरी दरवाढ 66 टक्के होती. या घरासाठी मात्र ती अडीचशे टक्क्यांच्याही पुढे गेली.

पाठोपाठ, 20 मार्च 2023 रोजी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं चार वर्षांसाठी सुमारे 3 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. अशा कर्जाच्या काही अटी मंजुरीआधीच पुऱ्या कराव्या लागतात. विजेचा पूर्ण खर्च ग्राहकांकडून वसूल करणं ही त्यांपैकीच एक. उरलेल्या अटींची ठरावीक काळानं पाहणी होते आणि त्यात समाधान झालं तरच पुढचा हप्ता सुटतो.

नाणेनिधीकडे जाण्यावाचून कोलंबोपुढे मार्ग उरला नव्हता. 2019च्या अखेरीस गोटाबाया राजपक्षे सरकारनं मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला आणि तिजोरीला भगदाड पडलं. एप्रिल 2022मध्ये देशानं परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. पेट्रोलसाठी रांगा लागल्या, सप्टेंबरपर्यंत महागाई 70 टक्क्यांच्या घरात पोहोचली. भारताच्या सुमारे 4 अब्ज डॉलरच्या मदतीनं तेवढ्यापुरतं निभावलं. तूट भरून काढणं भागच होतं.

पण ती कुणाच्या खिशातून?

मूल्यवर्धित कर वाढत वाढत जानेवारी 2024मध्ये 18 टक्क्यांवर गेला. हा कर हातावर पोट असलेल्यालाही चुकत नाही. देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली, तेव्हा सरकारी रोखे बाळगणाऱ्या बँकांना वगळलं गेलं. खासगी क्षेत्रातल्या कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला मात्र आपले रोखे कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या रोख्यांशी बदलून घ्यावे लागले. नकार दिला असता तर व्याजावरचा कर 14 वरून 30 टक्के होणार होता. बँका कोसळतील, ही सरकारची भीती खोटी नव्हती. तरीही आयुष्यभराची पुंजी अडकली ती कामगारांची, आणि संकट काही त्यांनी ओढवलेलं नव्हतं.

अटींच्या भाराची ही वाटणी बदलता येते, हे पुढे दिसलं. सप्टेंबर 2024मध्ये अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी नाणेनिधीशी झालेला करार मोडला नाही, पण वाटाघाटी करून एप्रिल 2025पासून आयकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा महिना 1 लाखावरून दीड लाख रुपयांवर नेली. सवलत मिळाली ती पगारदारांना. 18 टक्क्यांचा कर तसाच राहिला.