सोबत्याची शाळा : कामकऱ्यांच्या शिक्षणाविषयीं कांहीं विचार

कोणतेंही काम मनुष्य शिकतो तें ऐकून थोडें व पाहून फार, हें आपणां शेतकऱ्यांस कोणी सांगावयास नको. पाभर कशी धरावी याचें पुस्तक आपल्यापैकीं कोणीं वाचलेलें नाहीं. बापाच्या मागें तासांतून चालतां चालतां मुलाचा हात आपोआप बसतो. असें असतां कामकऱ्यांस कांहीं नवीन शिकवावयाचें म्हटलें कीं आपण त्यांस शेतांतून उठवून सभागृहांत नेतों, खुर्चीवर बसवितों, दोन तास व्याख्यान ऐकवितों आणि 'प्रशिक्षण झालें' असें लिहून मोकळे होतों. या रीतीनें शिकणें किती होतें आणि खरें शिकणें कोणत्या वाटेनें येतें, याविषयीं आमचा अनुभव व इतर ठिकाणचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची. खात्यांत आलों तेव्हां नियमांचें एक जाड पुस्तक हातीं पडलें व तें आम्हीं इमानेंइतबारें वाचलें. पण काम शिकलों तें शेजारच्या टेबलावरील एका वृद्ध कारकुनापासून. फेरफाराचा कागद पुढें आला कीं ते प्रथम सातबाऱ्यावरील क्षेत्र आठ-अच्या उताऱ्याशीं ताडून पाहत, आणि मेळ बसेपर्यंत पुढचें अक्षर वाचीत नसत. असें करावें, हें त्यांनीं आम्हांस कधींही सांगितलें नाहीं. आम्हीं पाहिलें व तसें करूं लागलों. चुकलों म्हणजे ते नुसतें चुकीच्या आंकड्यावर बोट ठेवीत. पुस्तकांतील बहुतेक कलमें आज आठवत नाहींत. तें बोट मात्र अजून आठवतें.

पुढें शिकविण्याची व्यवस्था पाहण्याची पाळी आमच्यावरच आली. दिनांक १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतांत कोणतें पीक उभें आहे याची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ती योजना. त्यासाठीं गांवोगांव सभा भरल्या आणि त्यांपैकीं कांहीं सभांचा तक्ता ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. पडद्यावर चित्रें दाखविलीं, चहा झाला, सह्या झाल्या, आणि सह्यांचा आंकडा आम्हीं 'प्रशिक्षित शेतकरी' या रकान्यांत भरला. पंधरा दिवसांनीं प्रत्यक्ष नोंदी पाहूं लागलों तों सही करणाऱ्यांपैकीं बहुतेकांची नोंद कोरी ! मात्र एका लहान वाडीची नोंद जवळजवळ पुरी झालेली होती.

चौकशी करतां असें कळलें कीं, त्या वाडींतील कॉलेजांत जाणारी एक मुलगी वडिलांची नोंद करण्यास शेतावर गेली होती. शेजारच्या बांधावरील काकांनीं तें पाहिलें व आपलाही फोन तिच्यापुढें केला. तिनें तो हातांत घेतला नाहीं. "काका, तुम्हीच दाबा, मी पाहते," असें ती म्हणाली. काका दोनदां चुकले, तिसऱ्यांदा नोंद झाली. त्यांनीं तें संध्याकाळीं पारावर चौघांस दाखविलें, आणि त्या चौघांनीं उरलेल्यांस. सभेस त्या वाडींतून कोणीच आलें नव्हतें. म्हणजे आमच्या तक्त्यांत त्या वाडीचे प्रशिक्षित शून्य, आणि प्रत्यक्षांत शिकलेले बहुतेक सर्व. तक्ता आमच्याच हातचा होता; तेव्हां दोष दुसऱ्या कोणास द्यावा ?

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच आहे असें नाहीं. अमेरिकेंत आयोवा प्रांतीं संकरित मक्याचें बियाणें कसें पसरलें, याचा अभ्यास रायन व ग्रॉस या दोन अभ्यासकांनीं करून तो सन १९४३ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांनीं दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची विचारपूस केली. बियाण्याची वार्ता बहुतेकांस विक्रेत्यांकडून प्रथम कळली होती. परंतु तें पेरण्याचा निश्चय व्हावयास शेजाऱ्याचा अनुभव अधिक कारण झाला. पुढें सन १९७७ मध्यें आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानें 'सामाजिक शिक्षण' या विषयावर ग्रंथ लिहिला. मनुष्य दुसऱ्याचें वागणें पाहतो, त्याचें फळ काय मिळालें तें पाहतो, आणि त्यावरून स्वतः तसें वागावें कीं न वागावें हें ठरवितो, असा त्याचा मथितार्थ आहे. आपल्या पारावर हें शास्त्र पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. फक्त त्यास नांव नव्हतें.

परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरली पाहिजे. ज्या पाटानें पाणी येतें, त्याच पाटानें तणाचें बींही येतें. सोबत्यापासून मनुष्य चांगलें शिकतो, तसेंच घातकही शिकतो.

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतां करतां शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें रुग्णालयांत पडले आणि विसाच्या आसपास माणसें दगावलीं. त्या वर्षीं कपाशी कित्येक ठिकाणीं डोक्याइतकी वाढली होती. त्यामुळें फवारा पिकावर पडण्याऐवजीं तोंडावर व छातीवर येई. दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची चाल पडली होती. बारीक तुषार जोरानें उडविणारे नवे पंप आले होते. उकाडा अतोनात होता, आणि हातमोजे, तोंडावरील पट्टी, बूट यांपैकीं बहुतेकांच्या अंगावर कांहींच नव्हतें.

त्या काळीं आम्ही कापसाच्या मुलखांतील एका कचेरींत होतों, आणि अशा एका प्रकरणाच्या जबाबांच्या नकला आमच्या हातून झाल्या. मृत मजुराच्या पत्नीनें सांगितलें होतें कीं, अंगांत सदरा तरी घाला असें म्हटलें असतां, सगळेच असें फवारतात, असें घरधनी म्हणत. शेतमालकाच्या जबाबांतही तेंच. बरोबरच्या मजुराच्या जबाबांतही तेंच. तीन जबाब आणि तिहींत एकच वाक्य. औषधाच्या दुकानांत भित्तिपत्रक लावलेलें होतें. डब्यावर रंगीत त्रिकोण व सूचना छापलेल्या होत्या. पावसाळ्याच्या आरंभीं शेतकऱ्यांची सभाही झाली होती. त्या सभेस मालक गेले होते. पंप पाठीवर घेणारा त्या दिवशीं दुसऱ्याच्या शेतांत रोजानें होता.

नकल करतां करतां आमच्या मनांत आलें कीं, या माणसास शिक्षण मिळालें नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. त्याचें शिक्षण पुरें झालें होतें, आणि तें सोबत्यांनींच दिलेलें होतें. भिंतीवर एक पत्रक, आणि डोळ्यांपुढें उघड्या अंगानें फवारणारे दहा जण; त्यांत दहांचेंच खरें ठरावयाचें. तेव्हां हें चुकीचें शिक्षण पुसावयाचें असेल, तर तें ज्या वाटेनें आलें त्याच वाटेनें पुसलें पाहिजे. दहांपैकीं दोघांनीं अंग झांकून फवारलेलें इतरांच्या दृष्टीस पडलें पाहिजे. त्यावांचून अन्य उपाय आम्हांस दिसत नाहीं.

ही वाट जाणूनबुजून आंखतां येते, याचा दाखला इंडोनेशिया देशानें घालून दिला आहे. तेथें भातावर तपकिरी तुडतुड्यांनीं कहर केला होता. सरकार कीटकनाशकें पुष्कळ सवलतीनें देई. लोक जों जों अधिक फवारीत तों तों तुडतुडे वाढत, कारण त्यांस खाणारे कोळी व इतर मित्रकीटक फवाऱ्यानें आधीं मरत. सन १९८६ मध्यें सरकारनें भातावर वापरण्याच्या ५७ कीटकनाशकांस बंदी केली. पण बंदीनें हात थांबतो, समज येत नाहीं. म्हणून सन १९८९ पासून जावा बेटांत शेतशाळा भरूं लागल्या, आणि पुढील दहा वर्षांत तेथें दहा लाखांच्या आसपास शेतकरी अशा शाळांतून गेले.

या शाळांची रीत जाणण्याजोगी आहे. सुमारें २५ शेतकऱ्यांचा एक वर्ग. तो पेरणीपासून कापणीपर्यंत आठवड्यांतून एकदां शेतांतच भरावयाचा. पांच-पांच जणांचे गट करून प्रत्येक गटानें ठराविक रोपें तपासावयाचीं, शत्रुकीटक किती व मित्रकीटक किती तें मोजावयाचें, आणि मोठ्या कागदावर रोपाचें चित्र काढून एका बाजूस हे व दुसऱ्या बाजूस ते असे मांडावयाचे. मग फवारावें कीं न फवारावें याचा निर्णय गटानें सांगावयाचा व इतरांनीं त्यास प्रश्न विचारावयाचे. कोणी एखादा किडा दाखवून 'हा कोणता ?' असें विचारलें, तर शिक्षकानें एकदम नांव सांगावयाचें नाहीं, 'कोठें सांपडला? काय खात होता ?' असें उलट विचारावयाचें. शंका असेल तर रोपावर जाळी घालून त्यांत तुडतुडे व कोळी सोडावयाचे आणि कोण कोणास खातो तें डोळ्यांनीं पाहावयाचें. परीक्षाही कागदावर न घेतां शेतांतच, खरें पान व खरा किडा पुढें ठेवून घेत. आणि जो शिक्षक व्हावयाचा, त्यानेंही आधीं एक हंगामभर स्वतः भात पिकवून दाखवावयाचा. महाराष्ट्रांतही कृषि खात्यामार्फत शेतीशाळा भरतात. ज्या गांवीं त्या मनापासून चालतात, तेथील शेतकरी त्यांचें नांव काढतात.

येथें दुसरी बाजू लपविणें योग्य होणार नाहीं. इंडोनेशियाच्याच शाळांविषयीं सन २००४ मध्यें एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत शाळेंत गेलेल्यांच्या उत्पन्नांत वा औषधाच्या वापरांत इतरांपेक्षां लक्षांत येण्याजोगी सुधारणा आढळली नाहीं. आमच्या मतें यावरून शाळेची रीत खोटी ठरत नाहीं. पण केवळ नांवानें शाळा भरविली म्हणजे काम भागलें, हा भ्रम मात्र नाहींसा होतो. शाळांचा आंकडा वाढविण्याची घाई झाली कीं शेतांतील वर्ग पुन्हां व्याख्यानाचा होतो, हें आमच्या तक्त्यावरून आम्ही सांगूं शकतों. शिवाय एका शेजाऱ्याचें शिकणें दुसऱ्या शेजाऱ्याकडे आपोआप जातें, असें गृहीत धरूं नये. जावयाचें तर त्यासाठीं पारावरची संध्याकाळ लागते. ती नसेल तर आपण जमवून आणावी.

आतां आपल्या संस्थेनें काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. फवारणीच्या शिक्षणासंबंधीं आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली — वर्ग २५ माणसांचा असावा, मालक व मजूर यांचा एकत्र असावा आणि शेतांतच भरावा. मजुराची त्या दिवसाची मजुरी संस्थेनें द्यावी. रोज बुडवून शिकावयास कोण येणार ? ही रक्कम वांचविण्याचा मोह झाला, तर ज्यास शिकवावयाचें तोच बाहेर राहील, हें पक्कें समजावें.

दुसरी — पंपांत औषध न घालतां साधें पाणी व लाल रंग घालावा. एकानें पांढरा सदरा घालून, उंच पिकांतून, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून दोन तास फवारावेत. दुसऱ्यानें वारा पाठीशीं घेऊन फवारावेत. मग दोघांचे सदरे सर्वांपुढें धरावेत. विषाची वाट कोणती, हें तो सदरा सांगेल. व्याख्यानाची गरज उरणार नाहीं.

तिसरी — शिकविणारा वस्तींतीलच जुना फवारणारा असावा. कृषि सहायकांनीं जवळ असावें व चुकलें तेथें बोट ठेवावें. डब्यावरील लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा, ही ओळख प्रत्येकाकडून डबा हातांत देऊन वदवून घ्यावी.

चौथी — फवारणीस एकट्यानें न जातां जोडीनें जावें. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढें अंधारी यांपैकीं कांहीं दिसतांच जोडीदारानें पंप उतरवावा, अंग साबणानें धुवावें व औषधाचा डबा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे न्यावें. ज्यास विष चढतें त्यास पुष्कळदां तें स्वतःस कळत नाहीं, सोबत्यास कळतें.

पांचवी — वर्गानंतर पंधरा दिवसांनीं शेतावर जाऊन पाहावें. नोंदवहींत सह्यांचा आंकडा न लिहितां, किती जण अंग झांकून फवारतांना दिसले तो आंकडा लिहावा. तो लहान असला तरी चालेल, खरा असावा.

हीच रीत आपल्या विक्रीकेंद्रांतील नव्या नोकरांस व गटसचिवांसही लावतां येईल. नव्या माणसास आठ दिवस शिबिरास धाडण्यापेक्षां महिनाभर जुन्या माणसाच्या शेजारीं बसवावें, त्याच्या हातून काम करवावें, आणि आठवड्यांतून एकदां सर्वांनीं एकत्र बसून कोणाचें कोठें चुकलें तें मोकळेपणानें बोलावें. जेथें चूक सांगण्याची भीति असते, तेथें चुकाच शिकल्या जातात.

यावर कोणी म्हणतील कीं, सभागृहांत एका दिवसांत दोनशेंचें काम होतें, तें २५ माणसांच्या वर्गानें कसें उरकावें ? आमचें उत्तर इतकेंच कीं, दोनशें सह्या होतात हें खरें, आणि त्या आम्हीं पुष्कळ मोजल्या आहेत. २५ माणसें नीट शिकलीं व त्यांतील पांच जणांनीं आपापल्या वस्तींत दुसऱ्यास शिकविलें, तर एका हंगामांत संस्थेच्या गांवांतील देखावा पालटूं लागेल.

फवारणीचे दिवस येण्यापूर्वीं संस्थेच्या चालकांनीं निदान दोन गांवीं असे वर्ग भरवावेत, अशी आमची विनंति आहे. कामास लागणारी कारकुनी करण्यास आम्ही विनावेतन तयार आहों. "सगळेच असें फवारतात" हें वाक्य पुन्हां कोणत्याही जबाबांत उतरूं नये. आणि तेंच वाक्य अंग झांकून पंप उचलणाऱ्या पोराच्या तोंडून ऐकावयास मिळावें, एवढीच आमची इच्छा आहे.