दंडावरचा गोल चट्टा

हॉस्टेलला नवीन आलेल्या प्रत्येक मुलीने मला एकदा तरी विचारलंय, "ए, तुझ्या दंडाला हे काय चिकटवलंय?" एकीला तो जिमचा बिल्ला वाटला. मेसच्या मावशींना वाटलं की मी कसलीशी लस टोचून घेतलीय. तर मित्रमैत्रिणींनो, तो ग्लुकोज सेन्सर आहे. मला अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस आहे, म्हणजे माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. (लेखाआधी एक कबुली: माझी शाळा कॉन्व्हेंट, घरी मी अजून "चहा थंड झाली" म्हणते. संपादक मंडळाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहेत, उरलेल्या चुका माझ्या.)

सेन्सरचं काम थोडक्यात असं. साधारण पाच मिलिमीटरची केसासारखी तार कातडीखाली जाते. तिथे रक्त नसतं, पेशींमधलं पाणी असतं. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी बारीक करंट तयार होतो, आणि त्यावरून आकडा काढून तो ब्लूटूथने मोबाईलवर येतो. साखर फार उतरली तर मोबाईल बोंबलतो. सगळं इलेक्ट्रॉनिक्स भारी, पण अख्खी गोष्ट टिकून असते एका स्टिकरवर! तो दहा-चौदा दिवस घामात, आंघोळीत, झोपेत चिकटून राहिला पाहिजे. आणि माझी गोष्ट त्या स्टिकरचीच आहे.

सेकंड इयरचा पावसाळा. आपल्याकडची दमट हवा तुम्हाला माहीतच आहे, बादलीतले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. सेन्सरखाली खाज सुटायला लागली. मी काय केलं? व्हायवाच्या आदल्या रात्री वैतागून बँड-एड ओढतात तसा तो सर्रकन ओढून काढला. खाली गोल चट्टा, मध्ये सोललेलं. दुसरा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावला, तिथेही तेच. इंटरनेटवर वाचून मी स्वतःच निदान केलं, "मला ॲलर्जी आहे", आणि सेन्सर लावणं बंद केलं. घरी सांगितलं नाही. एकेका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, पप्पांनी चार महिन्यांचे एकदम आणून ठेवले होते. कुठल्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे तीनला रूममेटला जाग आली, कारण मी झोपेत काहीतरी बरळत होते. अंगावरचा टी-शर्ट घामाने पिळून निघण्यासारखा. तिने बोटाला टोचून मीटरवर बघितलं, ४६. सेन्सर असता तर ७० च्या खाली जातानाच मोबाईल ओरडला असता. मी गिळू शकत होते म्हणून साखरपाण्यावर निभावलं. सकाळी ती एवढंच म्हणाली, "तू डॉक्टरांना हात दाखवणार आहेस की मी तुझ्या मम्मीला फोन करू?"

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर तीन आठवडे वाचले असते. स्टिकरखाली होणारा त्रास दोन वेगळ्या जातींचा असतो. एक नुसती चुरचुर, म्हणजे कातडीला झालेली इजा. दुसरी खरी ॲलर्जी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने एखाद्या रसायनाशी धरलेलं वैर. दिसायला दोन्ही लाल गोल! पण उपाय जवळजवळ उलटे. चुरचुरीत सवयी बदलून सेन्सर चालू ठेवता येतो. ॲलर्जीत सवयी बदलून काही होत नाही, आणि "सहन करू, सवय होईल" म्हणत तेच लावत राहिलं तर प्रत्येक वेळी त्रास लवकर आणि जास्त होत जातो.

आधी चुरचुर, कारण माझी तीच निघाली. आपल्या कातडीचा सर्वात वरचा, मेलेल्या पेशींचा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांश जाडीचा असतो. आपलं सगळं वॉटरप्रूफिंग तेवढंच. चिकटपट्टी ओढली की तिच्याबरोबर त्यातल्या काही पेशी निघून येतात. संशोधनासाठी एकेक पापुद्रा काढायला डॉक्टरसुद्धा चिकटपट्टीच वापरतात. मी तेच एका झटक्यात केलं होतं. त्यात स्टिकरखाली कोंडलेला घाम, आणि लावण्याआधी दंडावरून फिरवलेलं रेझर, ज्याने बारीक ओरखडे पडतात. आणखी एक घाई: स्पिरिटचा बोळा फिरवून ते सुकायच्या आत सेन्सर दाबला होता. चार चुका, चारही माझ्या.

आता ओढण्याबद्दल. इथे मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारा, कारण हे मला मटेरियल्सच्या तासाला कळायला हवं होतं. टेपची पील टेस्ट आठवा. सोलायला लागणारा जोर, दर एकक रुंदीमागे, म्हणजे चिकटण्याची ऊर्जा भागिले (१ वजा कोसाइन थीटा). थीटा ९० असेल तर भाजक १. थीटा १८० असेल, म्हणजे स्टिकर स्वतःवरच दुमडून कातडीला समांतर मागे नेला, तर भाजक २. जोर निम्मा! शिवाय सरळ वर ओढलं की कातडी तंबूसारखी वर येते, समांतर नेलं की येत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. हे गोंद व्हिस्कोइलॅस्टिक असतात, जितक्या जोरात ओढाल तितके ते घट्ट धरतात. म्हणून लॅबमधल्या टेस्टमध्ये वेगही ठरवून दिलेला असतो, मिनिटाला सुमारे ३०० मिलिमीटर. मी माझ्या दंडावर किती वेगाने ओढला असेन, देव जाणे.

म्हणून आता मी असं करते. कडेला खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग एक कड सोडवून, दुसऱ्या हाताने मोकळी झालेली कातडी दाबत, स्टिकर दुमडून हळूहळू मागे न्यायचा. मध्ये अडलं की परत तेल. एक अख्खं गाणं होईपर्यंत वेळ लागतो, लागू दे. नंतर जागा साबणाने धुवायची, कारण तेल राहिलं तर तिथे पुढे काही चिकटणार नाही. लगेच त्याच जागी पुढचा सेन्सर लावायचा नाही. दंड बदलायचा, आधीच्या जागेपासून दूर जायचं, आणि चट्टा पूर्ण जाईपर्यंत तिथे परत यायचं नाही. रेझरऐवजी कात्रीने किंवा ट्रिमरने केस बारीक करायचे. लावायच्या दिवशी त्या जागेवर मॉइश्चरायझर नाही. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. डॉक्टरांनी मला एक बॅरिअर फिल्म दिली आहे. ती कातडीवर पुसली की अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि गोंद त्याला चिकटतो. काही जण हायड्रोकोलॉइडचा तुकडा खाली लावतात. पण तो जाड असतो आणि तार जेमतेम पाच मिलिमीटर, त्यामुळे तारेसाठी मध्ये भोक ठेवावं लागतं. हे मनाने करू नका, विचारून करा. वरून जास्तीची पट्टी लावणाऱ्यांनी सेन्सरच्या मधोमध बारीक भोक असेल तर ते झाकू नये.

आता ॲलर्जी, आणि ही गोष्ट खरंच डिटेक्टिव्ह कादंबरीसारखी आहे. ॲबटचा फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर युरोपात २०१४ मध्ये आला. काही दिवसांनी लोक दंडावर फोड घेऊन येऊ लागले. सगळ्यांचा संशय साहजिकच स्टिकरच्या गोंदावर. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी सेन्सर सुटा करून गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासला, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं की गुन्हेगार आहे आयसोबॉर्निल ॲक्रिलेट. गंमत म्हणजे तो सर्वात जास्त सापडला प्लास्टिकच्या डबीच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या जोडापाशी. तिथून तो झिरपत कातडीपर्यंत पोचत होता! अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२० साठी 'वर्षाचा ॲलर्जन' म्हणून त्याचीच निवड केली. त्या कंपनीच्या नंतरच्या सेन्सरमध्ये हा पदार्थ आढळला नाही, असंही संशोधकांनी नोंदवलंय.

पूर्ण क्युअर झालेला पॉलिमर सहसा त्रास देत नाही, त्रास देतात जोडले न गेलेले मोनोमर. ते इतके लहान असतात की कातडीतून आत शिरतात. तिथल्या पेशी त्यांना ओळखून ठेवतात, आणि पुढच्या भेटीत टी-पेशी हल्ला करतात. म्हणूनच पहिले दोन-चार सेन्सर काहीच होत नाही आणि मग अचानक सुरू होतं. "आधी तर काही होत नव्हतं" यावरून ॲलर्जी नाही असं ठरवता येत नाही. लक्षणांत फरक असा, की चुरचुर स्टिकरच्या आकारात राहते आणि काढल्यावर काही दिवसांत शमते. ॲलर्जीत प्रचंड खाज, पाणी भरलेले फोड, चट्टा स्टिकरच्या हद्दीबाहेर पसरलेला, आणि काढल्यावरही तो रेंगाळतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, जांभळट-तपकिरी दिसते, आणि डाग महिनोन् महिने राहतो. त्यामुळे रंगापेक्षा खाज आणि फोड यांच्याकडे लक्ष द्या. दुखत असेल, गरम लागत असेल, पू असेल तर तो जंतुसंसर्ग, त्याच दिवशी डॉक्टर.

खात्री करायला पॅच टेस्ट असते. पाठीवर संशयित रसायनांचे थेंबभर नमुने चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, आणि नंतर एक-दोनदा पुन्हा बघतात. (ते चिकटवतात चिकटपट्टीनेच, आहे की नाही!) दोन दिवस पाठ भिजवायची नाही, त्यामुळे मी लोकरीच्या मेंढीसारखी वास मारत लेक्चरला बसले. सगळे नमुने निगेटिव्ह. पॉझिटिव्ह निघाले असते, तर तो पदार्थ नसलेला सेन्सर शोधणं हाच खरा मार्ग होता, कारण बॅरिअर फिल्म ॲलर्जीला भरवशाने अडवत नाही.

इथे थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांसाठी एक आडवळण. आपल्या लॅबमधल्या यूव्ही रेझिनमध्येही ॲक्रिलेटच असतात. नखांच्या जेलमध्येही त्याच कुळातली रसायनं. एकदा वैर धरलं की ते वर्षानुवर्षं राहतं. ओलं प्रिंट उघड्या हाताने उचलणारे महाभाग मी पाहिलेत. नायट्राइल ग्लोव्ह घाला, आणि रेझिन सांडलं की लगेच बदला, पातळ ग्लोव्हमधून ते काही मिनिटांत आत येतं.

मलमांचं बोलायलाच हवं, कारण आपल्या मजल्यावर 'खाजेची ट्यूब' ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चट्ट्यावर स्टेरॉइड लागू शकतं, मलाही आठवडाभर दिलं होतं, पण कुठलं आणि किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं. स्वतःच्या मनाने चोळत राहिलं तर कातडी आणखी पातळ होते आणि पुढचा स्टिकर आणखी सोलतो.

रेक्टर मॅडमनी मुद्दाम लिहायला सांगितलंय, म्हणून हे: माझा मोबाईल रात्री ओरडला तर तो बंद करू नका, मला उठवा. मी शुद्धीवर असेन तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. रूम नंबर रेक्टर मॅडमकडे आहे, साखरेचा डबा माझ्या टेबलावर डावीकडे, मीटर त्याच्याच मागे. आणि कृपया त्या डब्यातली साखर चहाला नेऊ नका, गेल्या महिन्यात तो दोनदा रिकामा सापडलाय.