माळरान पडीक कीं नांदतें ?



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें यवतला आलें कीं दक्षिणेस भुलेश्वरची डोंगररांग दृष्टीस पडते. खडकवासल्याहून निघालेल्या मुठेच्या उजव्या कालव्याचें पाणी ज्या शेतांस मिळतें तेथें ऊंस उभा असतो. आणि ज्या उतारांस तें पोंचत नाहीं तेथें मातीचा पातळ थर व त्याखालीं मुरूम असा उघडा माळ पसरलेला असतो. श्रावणांत हिरवा, दिवाळीनंतर पिवळा आणि चैत्रांत राखेच्या रंगाचा. या माळाची पारख आपण आजवर कशी केली, आणि ती कशी करावयास हवी होती, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभ माझ्याच चुकीपासून करतों. नोकरींत असतांना एका पावसाळ्यांत मीं विद्यार्थ्यांकडून अशाच एका उतारावर खड्डे खणविले व गिरिपुष्पाचीं रोपें लावविलीं. उघडी जमीन झाडांनीं झांकावी, हा आमचा शुद्ध हेतु. जवळच मेंढरें चारीत असलेल्या एका वृद्ध धनगरानें विचारलें, “गुरुजी, हितं काय उणं हुतं म्हनून ही लावताय?” मीं हंसून म्हटलें, “बाबा, इथं काहीच नाही, म्हणून तर लावतोय.” त्यांच्या प्रश्नाचा अर्थ कळावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं.

‘येथें कांहीं नाहीं’ ही समजूत आली कोठून ? तिचें एक मूळ महसुलाच्या दप्तरांत आहे. मराठी अमदानींत गवतासाठीं कुरणें राखलीं जात. गांवच्या गुरांना गायरान असे. म्हणजे गवत ही राखावयाची वस्तु होती. इंग्रजी अंमल आल्यावर जमिनीचें माप साऱ्याच्या दृष्टीनें होऊं लागलें. मुंबई इलाख्याची प्रसिद्ध मोजणी व धारेबंदी गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांतच सुरू केली आणि १८३६ सालीं तेथें नवे दर तीस वर्षांकरितां लागू झाले. दर हलके ठेवण्यांत पडलेली जमीन नांगराखालीं यावी, हाहि एक उद्देश होता. जी जमीन सारा देत नाहीं ती पडीक, हा शब्द दप्तरांत बसला तो बसलाच. राज्य गेलें, शब्द राहिला. १९८५ सालीं पडीक जमिनींच्या विकासासाठीं राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. पडीक भूमींचे जे सरकारी नकाशे पुढें निघाले, त्यांत झुडपी माळ व चराऊ रानें यांनाहि त्याच सदरांत जागा मिळाली.

आतां वनस्पतिशास्त्र काय म्हणतें तें पाहूं. आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत. पाऊस थोडा, तोहि चार महिन्यांतच पडून जाणारा. अशा उथळ जमिनींत दाट अरण्य वाढूं शकत नाहीं. परंतु कुसळी, मारवेल, पवन्या हीं गवतें व त्यांच्या मधून विरळ उभीं असलेलीं हिवर, बोर, बाभूळ, तरवड हीं सुखानें नांदतात. गवताचें बरेंचसें भांडवल मुळांच्या रूपानें जमिनीखालीं असतें. वरचें पान वाळलें, चरलें गेलें, तरी मुळें माती धरून ठेवतात, आणि मृगाचा पाऊस पडतांच पुन्हां कोंब फुटतात. या गवतांना भरपूर ऊन लागतें. त्यांच्यावर दाट सावली आणली कीं तीं मरतात, आणि त्यांच्यावर जगणारे जीवहि निघून जातात. चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल हे प्राणी माळाचे रहिवासी होत. रानांत झाडें वाढवून त्यांचें कल्याण होत नाहीं. म्हणूनच सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य, जें १९९७ सालीं जाहीर झालें, तें जेमतेम पांच चौरस किलोमीटरांचें असलें तरी चिंकाऱ्यांकरितां मोलाचें आहे.

यावर कोणी म्हणेल, “पूर्वीं येथें घनदाट अरण्य असेल, माणसानें तोडलें म्हणून माळ झाला.” ही शंका एकट्या वनस्पतिशास्त्रानें फिटणारी नाहीं. येथें इतिहास व वाङ्मय मदतीस आलीं. आशीष नेर्लेकर हे वनस्पतींचे अभ्यासक व दिग्विजय पाटील हे पुरातत्त्वाचे अभ्यासक. या दोघांनीं जुने मराठी ग्रंथ, संतचरित्रें व लोककथा यांत पश्चिम महाराष्ट्रांतील कोणकोणत्या रानझाडांचे उल्लेख येतात तें तपासलें, आणि आपले निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध केले. उल्लेखांत बहुसंख्या निघाली ती उघड्या माळावर वाढणाऱ्या वनस्पतींची. सारांश, हे माळ निदान साडेसातशें वर्षें माळच आहेत. जो ग्रंथ आपण भक्तीसाठीं वाचतों, त्यांत हिवराची सावलीहि नोंदलेली असते, हें आम्हां भाषा शिकविणारांच्या कधीं ध्यानांत आलें नाहीं.

तिसरी साक्ष मेंढपाळांची. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें धनगरांच्या ओव्या व दैवतकथा मोठ्या कष्टानें गोळा केल्या. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनीं त्यांच्या चराईच्या रीतींचा अभ्यास केला. मेंढरांचा कळप एका जागीं राहत नाहीं. दिवाळीनंतर कित्येक कळप घाट उतरून कोंकणाकडे जातात व पावसाच्या तोंडीं परत फिरतात. वाटेंत शेतकरी आपल्या मोकळ्या रानांत मेंढरें बसवून घेतो. त्याला खत मिळतें, धनगराला धान्य किंवा पैसा. गवतास विश्रांति देणारी ही फिरती आहे. तिची वाट मोडली कीं एकाच माळावर भार पडतो, आणि मग तो खरोखरीच उजाड होतो.

वाट मोडण्याचीं कारणें आपल्या डोळ्यांपुढें आहेत. कोठें उपसा सिंचनानें माळाचा ऊंस झाला, डोंगरापलीकडे पुरंदरांत फळबागा वाढल्या, हमरस्त्यालगत जमिनींचे तुकडे पडून घरें उठलीं, कुरकुंभला औद्योगिक वसाहत झाली. यांतील प्रत्येक गोष्टीस कोणाची तरी भाकर बांधलेली आहे. म्हणून सरसकट दोष देणें योग्य नव्हे. परंतु जमीन देतांना ‘येथें नाहीं तरी कांहींच नव्हतें’ असें म्हणणें मात्र खोटें आहे. तेथें चारा होता, पाणी मुरत होतें, आणि कोणाचा तरी वर्षाचा मार्ग होता.

संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष चराऊ रानें व पशुपालक यांचें वर्ष म्हणून ठरविलें. त्या निमित्तानें आपल्या गांवापुरतें तीन गोष्टी करतां येतील. झाडें अवश्य लावावीं, परंतु ओढ्याकांठीं, बांधावर व वस्तींत; जुन्या गवताच्या माळावर नव्हे. गायरानाचा कांहीं भाग आळीपाळीनें बंद ठेवून गवतास बीं धरूं द्यावें. आणि माळाविषयीं ग्रामसभेंत ठराव होईल तेव्हां मेंढपाळांस बोलावून त्यांचें म्हणणें ऐकावें.

मीं लावविलेल्या रोपांपैकीं बरींचशीं जगलीं. त्यांच्या सावलींत आज गवत नाहीं, आणि त्यांचा पाला मेंढरें खुशीनें खात नाहींत. त्या वृद्ध गृहस्थांची पुन्हां गांठ पडली नाहीं. पडती, तर त्यांच्या प्रश्नाला मीं आतां नीट उत्तर दिलें असतें. श्रोत्यांपैकीं जे शिक्षक असतील त्यांनीं मुलांना कुदळ देण्यापूर्वीं एकदां माळावर नेऊन तेथें काय उगवतें तें मोजावयास सांगावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.