अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे कार्यक्रम

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हे मराठी लेखक, वाचक, समीक्षक, प्रकाशक आणि ग्रंथविक्रेते यांचे अधिवेशन आहे. अलीकडील काळात ते बहुधा शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस भरते. ग्रंथदिंडी, उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, प्रकट मुलाखती, कविसंमेलने, कथाकथन, ग्रंथप्रदर्शन, बालमेळावा आणि खुले अधिवेशन हे त्याचे प्रमुख घटक होत. १८७८ ते २०२५ या काळात अशी ९८ संमेलने झाली. ९८वे संमेलन फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्ली येथे तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले.

पार्श्वभूमी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. रानडे हेच तिचे अध्यक्ष होते. मराठी ग्रंथांच्या निर्मितीस आणि प्रसारास चालना देणे हा सभेचा हेतू होता. म्हणजे आजच्या संमेलनाचे मूळ ग्रंथव्यवहाराची चिंता करणाऱ्या एका लहान बैठकीत आहे. श्रोत्यांपुढे होणारी भाषणे, मुलाखती आणि काव्यवाचन हे नंतरचे विस्तार आहेत.

दुसरी सभा १८८५मध्ये पुण्यातच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क प्रत्यक्षात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी शूद्रातिशूद्रांच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. साहित्याच्या व्यासपीठावर कोणाचे अनुभव येतात आणि कोणाचे वगळले जातात, हा प्रश्न अशा प्रकारे संमेलनाच्या दुसऱ्याच सभेपासून त्याच्याशी जोडला गेला.

तिसरे संमेलन वीस वर्षांनंतर, १९०५मध्ये सातारा येथे भरले. १९०६च्या पुणे येथील संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली आणि संमेलनास संस्थात्मक आधार मिळाला.

आयोजन

१९६१मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र साहित्य परिषद (पुणे, १९०६), विदर्भ साहित्य संघ (नागपूर, १९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) या त्याच्या चार घटक संस्था आहेत. महाराष्ट्राबाहेरील मराठी साहित्यसंस्थाही महामंडळाशी जोडलेल्या आहेत. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. १९६५च्या हैदराबाद संमेलनापासून संमेलन भरविण्याची जबाबदारी महामंडळाकडे आली.

संमेलनाचे स्थळ यजमान संस्थांकडून आलेल्या निमंत्रणांतून ठरते. यजमान संस्था स्वागत समिती नेमते. निधी, मंडप, निवास व भोजन यांची व्यवस्था ही समिती पाहते आणि तिच्या प्रमुखास स्वागताध्यक्ष म्हणतात. कार्यक्रमपत्रिका मात्र स्वागत समिती एकटी ठरवीत नाही. परिसंवादांचे विषय आणि वक्ते महामंडळ व यजमान यांच्या प्रतिनिधींच्या विचारविनिमयातून निश्चित होतात. खर्च करणारा एक आणि वाङ्मयीन निर्णयात वाटेकरी दुसरा, अशी ही रचना असल्याने दोहोंत अधूनमधून मतभेद उद्भवतात.

संमेलनाध्यक्ष पूर्वी मर्यादित मतदारांच्या मतदानाने निवडला जाई. निवडणुकीतील प्रचार आणि गटबाजी यांमुळे अनेक मान्यवर लेखक उमेदवारीपासून दूर राहतात, अशी टीका दीर्घकाळ होत होती. महामंडळाने नियम बदलल्यावर घटक संस्थांनी सुचविलेल्या नावांतून अध्यक्षाची निवड होऊ लागली. या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष म्हणजे २०१९च्या यवतमाळ संमेलनाच्या अरुणा ढेरे.

ग्रंथदिंडी आणि उद्घाटन

संमेलनाचा आरंभ ग्रंथदिंडीने होतो. पालखीत ग्रंथ ठेवून गावातून मिरवणूक काढली जाते. ही रचना वारकरी परंपरेतील दिंडीवरून घेतलेली आहे. ज्ञानेश्वरी व तुकारामांची गाथा यांच्यासोबत भारतीय संविधानाची प्रतही अलीकडे पालखीत ठेवली जाते. शालेय विद्यार्थी, लेझीम पथके आणि भजनी मंडळे दिंडीत सहभागी होतात.

संमेलनाच्या परिसरास यजमान गावाशी नाते असलेल्या व्यक्तीचे नाव देण्याची प्रथा आहे. नाशिक येथे कुसुमाग्रज, वर्धा येथे महात्मा गांधी आणि अमळनेर येथे साने गुरुजी यांच्या नावाने संमेलननगरी उभारण्यात आली होती.

उद्घाटनसत्रात स्वागताध्यक्ष, महामंडळाचे अध्यक्ष, मावळते संमेलनाध्यक्ष आणि उद्घाटक यांची भाषणे होतात. त्यानंतर नव्या अध्यक्षांचे भाषण होते. ते बहुधा आधीच छापलेले असते, त्यामुळे व्यासपीठावर संक्षेपाने सांगितले तरी त्याचा पूर्ण पाठ वाचकांस उपलब्ध होतो. भाषेची स्थिती, शिक्षणाचे माध्यम, लेखकाचे स्वातंत्र्य आणि स्वतःच्या लेखनक्षेत्रातील प्रश्न हे या भाषणांचे नेहमीचे विषय आहेत.

परिसंवाद, मुलाखती आणि कथाकथन

दुसरा दिवस प्रामुख्याने लेखकांच्या भाषणांचा व चर्चांचा असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत एकाहून अधिक मंडपांत कार्यक्रम समांतर चालतात. परिसंवादात एका विषयावर चार-पाच वक्ते आपापली मते मांडतात आणि शेवटी परिसंवादाचे अध्यक्ष समारोप करतात. अनुवाद, बोली, ग्रंथालये, बालसाहित्य, समाजमाध्यमे, ग्रामीण जीवन आणि भाषाधोरण असे विषय वारंवार निवडले जातात. वक्ते अनेक व वेळ थोडा असल्याने श्रोत्यांच्या प्रश्नांना पुरेसा अवकाश राहत नाही, ही या प्रकाराविषयीची जुनी तक्रार आहे.

प्रकट मुलाखतीत एखाद्या लेखकास दोन किंवा तीन मुलाखतकार त्याच्या लेखनप्रवासाविषयी प्रश्न विचारतात. लेखनाची घडण कशी होते, हे नवोदितांना प्रत्यक्ष लेखकाकडून ऐकावयास मिळत असल्याने विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा कार्यक्रम उपयुक्त ठरतो. कथाकथनास व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी मोठी लोकप्रियता मिळवून दिली. पुढे हे तिघेही संमेलनाध्यक्ष झाले.

कविसंमेलन आणि कवीकट्टा

निमंत्रितांचे कविसंमेलन बहुधा रात्री मुख्य मंडपात होते. निमंत्रणांची संख्या मर्यादित असते आणि कविता वाचू इच्छिणाऱ्यांची फार मोठी. कवीकट्टा या स्वतंत्र व्यासपीठामुळे ही अडचण काही अंशी दूर होते. तेथे आधी पाठविलेल्या कवितांतून निवड झालेले कवी ठरलेल्या क्रमाने एकेक कविता सादर करतात. कवीकट्टा संमेलनाचे बहुतेक दिवस चालू राहतो. गझलेसाठी काही संमेलनांत गझलकट्टा असतो. छोट्या गावांतील कवींना राज्यभरातील श्रोत्यांपुढे येण्याची संधी अनेकदा प्रथम येथेच मिळते.

ग्रंथप्रदर्शन आणि बालमेळावा

ग्रंथप्रदर्शन व विक्री हा संमेलनाचा आर्थिक आणि वाङ्मयीन अशा दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा भाग आहे. पुस्तकांची दुकाने नसलेल्या तालुक्यांतील वाचकांना अनेक प्रकाशकांची पुस्तके एकाच जागी पाहून घेता येतात. विक्री मंडपांची मांडणी, भाडे आणि मुख्य मंडपापासूनचे अंतर यांवर प्रकाशकांचा लाभ-तोटा अवलंबून असतो. बालमेळाव्यात मुले स्वतःच्या कथा-कविता सादर करतात व लेखकांशी संवाद साधतात.

खुले अधिवेशन आणि ठराव

अखेरच्या दिवशी खुल्या अधिवेशनात ठराव मांडले जातात. त्यांचे मसुदे विषयनियामक समितीत आधी संमत झालेले असतात. या ठरावांस कायद्याचे बळ नसते, तरी काहींचा परिणाम दूरगामी ठरला. १९४६मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव केला आणि त्या मागणीस संघटित रूप येऊ लागले. मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळावा, ही संमेलनांतून वारंवार झालेली मागणी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मान्य झाली. सीमाभागातील मराठी भाषकांविषयीचे ठराव मात्र आजही होत असतात.

व्यासपीठाचे स्वातंत्र्य

संमेलनास शासकीय अनुदान मिळते आणि स्वागताध्यक्षपदी अनेकदा राजकीय नेते असतात. त्यामुळे व्यासपीठाच्या स्वायत्ततेचा प्रश्न सतत चर्चेत राहतो. आणीबाणीच्या काळात, १९७५मध्ये कराड येथे भरलेल्या संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांना जाहीर विरोध केला; १९७६मध्ये त्यांना अटक झाली. यवतमाळ संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण विरोधाच्या इशाऱ्यांनंतर मागे घेण्यात आले. त्याच्या निषेधार्थ अनेक निमंत्रित लेखकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला, महामंडळाचे तत्कालीन अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी पदाचा राजीनामा दिला आणि उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका महिलेच्या हस्ते झाले.

प्रतिनिधित्व आणि अन्य संमेलने

पहिल्या महिला अध्यक्षा कुसुमावती देशपांडे १९६१च्या ग्वाल्हेर संमेलनात लाभल्या. त्यांच्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर यांनी हे पद भूषविले. ९८ संमेलनांत महिला अध्यक्षांची संख्या सहाच आहे.

मुख्य संमेलनात पुरेसे स्थान मिळत नसल्याच्या जाणिवेतून स्वतंत्र संमेलने उभी राहिली. पहिले दलित साहित्य संमेलन १९५८मध्ये मुंबईत झाले. १९९९मध्ये धारावी येथे पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले आणि बाबुराव बागूल त्याचे अध्यक्ष होते. उदगीर, वर्धा व अमळनेर येथे अखिल भारतीय संमेलनाच्या वेळीच त्याच गावी विद्रोही संमेलनही झाले. ही संमेलने फुले यांच्या पत्रातील भूमिकेशी आपले नाते सांगतात.